पलंगाला सहा इंचांचा उतार

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल दुपारी मी खुर्चीतून उठलो. त्याचा खर्च असा: चष्म्याची डावी काच, एक कप, डाव्या भुवईवर तीन टाके, वर्कशॉपचा अर्धा दिवस आणि फिटरवर सोळा वर्षं टिकवलेला वचक. शेवटची वस्तू सगळ्यात महाग पडली. शुद्धीवर आलो तेव्हा माझं डोकं फिटरच्या मांडीवर होतं आणि गडी मुसमुसून रडत होता. ज्याला रोज फैलावर घ्यायचं तोच आपल्यासाठी रडला, म्हणजे पुढचे आठ दिवस तरी त्याला काही बोलायची सोय नाही.

आज डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ही बरोबर होतीच. बाईंनी मला आडवं करून दंडाला पट्टा बांधला: एकशे अठ्ठेचाळीस. मग उभं केलं आणि तीन मिनिटं थांबवलं: ब्याण्णव.

मी म्हटलं, "बाई, यंत्र बदला. माझा जन्म प्रेशर गेज दुरुस्त करण्यात गेलाय. एकाच लाइनीतलं प्रेशर तीन मिनिटांत छप्पन्नने उतरतं म्हणजे एकतर गळती आहे, नाहीतर गेज खोटं आहे."

"गळती नाही काका, आणि गेजही खरंय."

"मग तिसरं काय असतं?"

"तेच शोधायचंय. झोप कशी लागते?"

"ओंडका पडावा तशी."

बाईंनी हिच्याकडे पाहिलं. ही पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाली, "शांत झोपतात."

चक्कर कधी येते, झोप कशी लागली, स्वप्नं कसली पडतात, सगळं रोजच्या रोज लिहायला सांगितलंय. म्हणून ही वही. लिहायचंच तर मी सगळंच लिहिणार. अर्धवट नोंद मी कधी ठेवली नाही.

उदाहरणार्थ, हे लिहून ठेवतो: मी बाहेर येऊन चपला घातल्या तरी ही आतच होती. पाच मिनिटं. विचारलं तर म्हणाली, "फी द्यायची होती." फी बाहेरच्या खिडकीत घेतात. ती मी दिलेली होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चक्कर नाही. झोप उत्तम. पहाटे स्वप्न पडलं ते मात्र झकास. जिन्यात चोर सापडला. कॉलर धरली आणि अशी एक ठेवून दिली की चार पायऱ्या खाली गेला. या वयातही हात चालतो म्हणायचा.

हिला सांगणार होतो, पण हिचा ओठ सुजलेला.

"काय झालं?"

"कपाटाचं दार लागलं."

आमच्या कपाटाचं दार मी बसवलंय. ते उघडत नाही, सरकतं.

वर्कशॉपमध्ये चार गेज पास केली. पुतण्या ताजी सर्टिफिकेटं फायलीत लावत म्हणाला, "काका, सही दिवसेंदिवस मुंगीएवढी होत चाललीय. शाई वाचवताय का?"

"सही लहान, माणूस मोठा," मी म्हटलं. फिटर हसला. वचक गेला तो गेलाच.

पुतण्या म्हणजे थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गेला तेव्हा हा सात वर्षांचा. तेव्हापासून आमच्याच ताटातला. आता चौतिशीचा आहे, मागच्या गल्लीत स्वतःचा संसार आहे, निम्मं वर्कशॉप तोच ओढतो. मी या धंद्यात आलो ते दुसऱ्याच्या दुकानात गेज धुवायला. शिकवलं कुणी नाही, कानांनी शिकलो. काचेवर टिचकी मारली की आतलं दातेरी चाक झिजलंय की नाही ते मला कळतं. पुतण्याला ते अजून जमत नाही. तो आकड्यांवर विश्वास ठेवतो.

थिनरवाल्याने यावेळी पाणी घातलंय. बाटली नाकाला लावली तरी वास नाही. फिटर म्हणतो चांगला उग्र आहे. कमिशन खात असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

आज बाजारातून रक्तदाबाचं यंत्र आणलं आणि जेवण झाल्यावर वर्कशॉप उघडून ते मास्टर गेजला जोडलं. मास्टर म्हणजे ज्याच्यावरून बाकी सगळी गेज तपासायची ते. एकाच नळीतून दोघांना हवा दिली. पन्नासला, शंभरला, दीडशेला. कुठेही दोनाच्या वर फरक नाही.

मग तेच यंत्र स्वतःला लावलं. आडवा: एकशे पंचेचाळीस. उभा: नव्वद. बाकाला धरून उभं राहावं लागलं.

आता नीट विचार करू. यंत्र खरं आहे. गळती नाही. आणि कुठलीही लाइन आपणहून प्रेशर सोडत नाही. कुणीतरी कॉक फिरवतं.

चार दिवसांपासून जेवण खारट लागतंय. आज विचारलं, तर ही म्हणाली, "तुमच्या जिभेला काही चवच लागत नव्हती, म्हणून जरा जास्त घातलं." शिवाय दर तासाला पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी. "प्या, अहो, एवढं संपवा." एकतीस वर्षांत हिने मला पाणी प्यायचा आग्रह कधी केला नव्हता. पोट चार दिवस साफ नाही. त्या मिठात आणखी काय आहे कोण जाणे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी न्हाणीघरात एकदा अंधारी आली. बेसिन धरलं. झोप चांगली होती. स्वप्नात माझा जुना मालक आला, ज्याच्याकडे गेज धुवायचो तो. नेहमीप्रमाणे अद्वातद्वा बोलायला लागला. पण या खेपेला मी त्याला दंडाला धरला आणि फरफटत दाराबाहेर काढला. चाळीस वर्षं उशिरा का होईना, बरं वाटलं.

बाकी दिवस बरा नाही.

खोलीतल्या वस्तू नाहीशा होतायत. आधी माझ्या उशाशी असलेला काचेचा तांब्या गेला. मग टेबललॅम्प. आज हिच्या बाजूचं लोखंडी स्टूल. "झाडायला अडचण होते," म्हणे.

संध्याकाळी लवकर घरी आलो. चपला हातात घेतल्या. स्वयंपाकघरात पुतण्या होता.

"काकू, आज कुठे लागलं?"

"हळू बोल. त्यांच्या कानातून काही सुटत नाही."

"तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो."

"तुला माझी शपथ आहे."

मी खाकरलो. पुतण्या म्हणाला, "काका, आज लवकर?" आणि माझ्या चपलांकडे बघत राहिला. ही भांडं उचलायला वळली तेव्हा बाही वर सरकली. दंडावर चार बोटं उमटलेली, लालनिळी.

असले वळ मला ओळखायला शिकवावे लागत नाहीत. माझ्या आईच्या दंडावर असायचे. वडील दिवसभर सगळ्यांशी गोड बोलत आणि घरी आल्यावर हात उचलत. बारा वर्षांचा असताना मी ठरवलं, बाकी या माणसाचं काहीही अंगात येवो, हे येऊ द्यायचं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली. भांडणं पोतंभर झाली, मी ताट सारून उठलो, चार चार दिवस बोललो नाही, पण हात? एकदासुद्धा नाही. चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगत आलोय.

मग हे वळ कुणाचे? घरात येणारा दुसरा पुरुष एकच आहे.

आणि "नाहीतर मी सांगतो" म्हणजे काय सांगतो? वर्कशॉप कागदोपत्री हिच्या नावावर आहे. हिचे दागिने मोडून उभं केलं म्हणून मीच तसं केलं होतं. पुतण्याला ते माहीत आहे. मी भोवळ येऊन पडणारा म्हातारा. उरली एक बाईमाणूस, आणि तिची सही.

असं असेल असं मनाला पटत नाही. पण न पटणाऱ्या किती गोष्टी मी काच उघडून आत पाहिल्यात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस झोपेत पायांकडे घसरतोय असं वाटत होतं. आज ही बाहेर गेल्यावर वर्कशॉपमधून पाणसळ आणली आणि पलंगावर ठेवली. तिचा बुडबुडा जाऊन थेट टोकाला चिकटला. वाकून पाहिलं. डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली लाकडी ठोकळे. मोजले: सहा इंच. कडा घासून गोल केलेल्या, वर पायाचा आकार कोरून बसवलेला. इतकी सफाई एकाच माणसाच्या हाताला आहे, आणि ती मीच शिकवली आहे.

माझ्याच करवतीने ठोकळे कापून त्याने माझाच पलंग तिरका केला. वाकून उठलो तर पुन्हा अंधारी. त्याच पलंगावर बसावं लागलं.

हिला विचारलं. "पाठीला चांगलं असतं म्हणे."

"कोण म्हणे?"

ही चादर नीट करायला लागली.

आज माझ्या बाजूला जमिनीवर जाड गादी आली. ती कुणासाठी? तर म्हणे, "असू दे." आणि ही स्वतः कालपासून पलीकडच्या खोलीत झोपते. कारण विचारलं तर माझं घोरणं. एकतीस वर्षं घोरणं चाललं, आता नाही चालत.

स्वप्न आठवत नाही. सकाळी उशी खिडकीपाशी पडलेली होती. तीही कुणीतरी हलवलीच असणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे स्वप्नात मोठं कुत्रं पायाला चावलं. सोडेना. मी त्याचा जबडा धरून पिळला आणि कट्‌कन मोडला. दचकून जागा झालो तर आडवा खालच्या गादीवर. खोलीत कुणी नव्हतं. बाहेर चपलांची घाई, मग फाटक. घड्याळ पाहिलं, पावणेसहा. परत डोळा लागला.

आठ वाजता ही आली. बरोबर पुतण्या. हिच्या डाव्या हाताला प्लास्टर. करंगळी मोडलेली.

"बाथरूममध्ये घसरले."

"मला का नाही उठवलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यानेच माझं डोकं गेलं. हिच्यासमोर बोललो नाही. वर्कशॉपला गेलो आणि तो आल्यावर म्हटलं, "चाव्या ठेव."

"काय झालं काका?"

"आधी ओठ, मग दंड, आज करंगळी. मी पडतो, आंधळा नाही झालो."

त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला.

"काका, तुम्हाला वाटतं मी... काकूंना?"

"सह्या हव्या होत्या ना तुला? माझा पलंगसुद्धा तिरका करून झाला."

फिटर मध्ये पडला, "साहेब, अहो काय बोलताय!" त्याला म्हटलं, तू काम कर.

पुतण्याने चाव्या बाकावर ठेवल्या. डबा उचलला. वाटलं, आता आवाज चढवेल, म्हणजे मलाही चढवता येईल. दारात थांबून एवढंच म्हणाला, "काकूंनाच विचारा. आणि उठताना खुर्चीला धरून उठत जा."

टोमणाच तो. दिवसभर कानात घोळतोय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लिहिलं नाही. आज लिहितो, पण हळूहळू.

फिटरने आज घरी येऊन हिला सांगितलं. मी दुपारी जेवायला गेलो तर ताट नव्हतं. ही टेबलाशी बसलेली, समोर एक लहान वही.

"बसा. धरून बसा."

मी बसलो.

"तुम्ही त्याला काढलंत. मारणारा तो नव्हे. ते तुम्ही आहात."

मी हसलो. खरंच हसलो. हिने काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो: दोन वर्षं मी झोपेत ओरडतो, शिव्या देतो, हातपाय झाडतो. आधी नुसतं बोलणं होतं. सहा महिन्यांपासून मारतो. डॉक्टरीणबाईंना हिने त्या दिवशी आतच सांगितलं. मीठ, पाणी, ठोकळे, गादी सगळं त्यांनी सांगितलेलं. उठल्यावर माझं रक्त खाली उतरतं म्हणून मीठ, पाणी आणि ठोकळे, आणि मी कशावर तरी आपटून फुटू नये म्हणून तांब्या, लॅम्प आणि स्टूल बाहेर. बाईंनी हिलाही नोंद ठेवायला सांगितली होती.

मी म्हटलं, "तुझी वही तू लिहिलीस. तिच्यात तुला हवं ते असणार."

"मग तुमची काढा."

वर्कशॉपमध्ये मी आणि पुतण्या तपासणी करतो तेव्हा एकजण मास्टर वाचतो, दुसरा गेज. तसंच केलं. मी माझ्या वहीतून, ही तिच्या.

"सहा तारीख," मी वाचलं. "जिन्यात चोर. एक ठेवून दिली."

"सहा, पहाटे. ओठ."

"बारा. मालक. दंडाला धरून फरफटत काढला."

"बारा. दंड."

"एकोणीस." पुढचं मला वाचवेना.

"वाचा."

"कुत्रं. जबडा मोडला."

"तुम्ही पलंगावरून पडत होता. धरायला आले," ही म्हणाली आणि प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला.

आमच्याकडे नियम आहे, तीन ठिकाणी जुळलं की गेज पास. फरक शून्य. हिच्या वहीत आणखी पाच तारखा होत्या, माझ्या वहीत ज्यांच्यापुढे "झोप उत्तम" किंवा काहीच नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? वडलांचं नाव काढून तुम्ही ज्या गोष्टीवर उभे आहात तीच काढून घ्यायची? आणि कळलं असतं तर तुम्ही पुन्हा डोळा मिटला नसता. मी ओळखते तुम्हाला."

"त्याला शपथ का घातलीस?"

"तुमच्यासमोर तो खोटं बोलू शकत नाही म्हणून."

मग हिने उठून ताट वाढलं. एका हाताने. मी मदत करायला उठलो, खुर्चीला धरून.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काल झोपलो नाही. दार आतून लावून खुर्चीत बसून राहिलो. हिने ओळखलंच होतं.

सकाळी मागच्या गल्लीत गेलो. पुतण्याने दार उघडलं. मागून त्याची बायको म्हणाली, "आत घ्या की त्यांना, उभं नाही राहवत त्यांना जास्त वेळ." म्हणजे हेही सगळ्या गल्लीला माहीत.

मी चाव्या पुढे केल्या. आयुष्यात गिऱ्हाइकांची समजूत काढली, इन्स्पेक्टरांची काढली, तोंडाला कधी कुलूप लागलं नाही. त्या दारात मात्र एवढंच निघालं, "माझं चुकलं रे."

"काका, एक सांगा. तुम्हाला खरंच तसं वाटलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. "वाटलं."

"किती दिवस?"

"नऊ."

तो चाव्यांकडे बघत राहिला. सात वर्षांचा असताना रुसला की असाच जमिनीकडे बघायचा, पण तेव्हा त्याला खांद्यावर घेता यायचं.

"सोमवारी येतो," म्हणाला. "पण चाव्या काकूंकडे द्या. तुमच्या हातून नको."

बरोबर आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी डॉक्टरीणबाई. या वेळी ही, पुतण्या आणि मी, तिघंही आत, दार लावून.

बाई म्हणाल्या, "काका, स्वप्न पडतं तेव्हा मेंदू हातापायांना कुलूप घालतो. तुमचं कुलूप ढिलं झालंय. आणि उभं राहिलं की रक्त वर ढकलायचं काम मेंदूच्या त्याच भागात, शेजारच्या खोलीत चालतं. म्हणून झोप आणि चक्कर या तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या नसाव्यात."

मग विचारलं, "वास येतो का पूर्वीसारखा? अक्षर बारीक झालंय का? पोट साफ होतं?"

मी पुतण्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"नाही हो काका!"

"कुणी नाही सांगितलं," बाई म्हणाल्या. "त्या दोन तक्रारी एकत्र आल्या की आम्ही या तीन विचारतोच."

म्हणजे थिनर खरा होता. फिटरचीही माफी मागायची आहे.

पुढे काय, विचारलं. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. काहीजणांना काही वर्षांनी कंप सुटतो, चाल मंदावते. सगळ्यांना नाही. कधी, ते सांगता येत नाही. झोपेसाठी गोळी दिली, पायांत घालायला घट्ट मोजे दिले, दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं. हिने पलीकडच्याच खोलीत झोपायचं आणि मी ओरडलो तर जवळ यायचं नाही, दारातूनच हाक मारायची.

"आणि ते पडले तर?" हिने विचारलं.

"गादी आहे ना. पडू द्या."

तिथून हाडांच्या डॉक्टरांकडे, हिचं प्लास्टर दाखवायला. खिडकीतल्या कारकुनाने जुना कागद काढला. त्यावर एकोणीस तारखेची ओळ होती: इजेचं कारण, बाथरूममध्ये घसरून.

"हे दुरुस्त करा," मी म्हटलं.

ही म्हणाली, "अहो, असू दे."

"चुकीची नोंद माझ्या हातून आजवर पुढे गेलेली नाही."

कारकुनाने पेन उचललं. "मग काय लिहू?"

"नवऱ्याने मारल्याने."

त्याने माझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, पुतण्याकडे पाहिलं. मग जुनी ओळ खोडली आणि वरच्या चिंचोळ्या जागेत सांगितलं ते लिहिलं. मी म्हटलं, पुढे "झोपेत" लिहा. त्याने रकाना बोटाने दाखवला. जागा उरली नव्हती.